रेडिओवर आलेलं नाव

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. ही वही माझ्या नातीची, सानिकाची. तिची मागची पानं कोरी राहिली होती, ती मी मागून घेतली. "कशाला हवी, आजी?" तिनं विचारलं, तर मी म्हटलं, मासळीचं लिहून ठेवायला. म्हणजे पहिली ओळ लिहायच्या आधीच एक खोटं बोलून झालं. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर चुका पोटात घाला. अक्षराच्या तरी.

मला हिराकाकीबद्दल लिहायचं आहे. ती आमची शेजारीण. फार वर्षांपूर्वी माझ्यामुळे तिचं मोठं नुकसान झालं आणि त्याबद्दल मी तिच्याशी खोटं बोलले. ते खोटं तिनं खरं मानलं. हे सगळं एका गाण्यापायी झालं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

दिवाळी झाली की आमच्या किनाऱ्यावर बोंबलाचे दिवस येतात. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, आणि सगळ्या बाया वलांड्यांपाशी जमतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात ती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक, बोटांना लागतात. हाताला सवय झाली तरी बोटं चिरायची ती चिरतातच, आणि वर मिठाचं पाणी. पहिल्या दिवशी बोंबील पांढरे, लुळे, पाणी गाळत लोंबतात. दुसऱ्या दिवशी आक्रसतात. तिसऱ्या दिवशी वारा सुटला की एकमेकांवर आपटून खडखड वाजतात. तो आवाज आला की बाईच्या जिवाला स्वस्थता येते. काशीदला समुद्र बघायला जाणारे लोक आमच्या गावावरून जाताना गाडीच्या काचा वर करतात. त्यांना वास येतो. आम्हाला येत नाही. मी माहेरची थळची, तिथंही हेच. जन्मल्यापासून नाकात तेच आहे.

यंदा पहिल्याच दिवशी सानिका वलांडीच्या सावलीत मोबाइल घेऊन बसली होती. सोळा वर्षांची आहे. आणि तिच्या त्या मोबाइलमधून ते गाणं सुरू झालं.

कुठलं ते मी लिहिणार नाही. जुन्या हिंदी सिनेमातलं आहे, एवढं पुरे. आधी नुसतं वाजतं, बराच वेळ. बाई गायला लागेल, लागेल असं वाटतं आणि ती लागत नाही. मग एकदम लागते. त्या वाजण्यापासूनच माझे कान गरम व्हायला लागतात.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"का गं आजी? जुनं आहे, पण भारी आहे. आमच्या कॉलेजात सगळ्यांना आवडतं."

सगळ्यांना आवडतं, हेच तर मला कळत नाही. नवी गाणी येतात, लग्नाच्या हळदीत वर्षभर वाजतात आणि पुढच्या हळदीत कुणी त्यांचं नाव काढत नाही. ही मात्र जात नाहीत. मागे एकदा बहिणीकडे दिघीला जायला मी आगरदांड्याच्या धक्क्यावर उभी होते. बोट यायला वेळ होता. रांगेतल्या एका गाडीत असंच एक जुनं गाणं लागलं होतं, काचा उघड्या होत्या. माझ्यापुढे दाढी पांढरी झालेले एक चाचा होते, त्यांच्या बाजूला पाठीवर बॅग घेतलेली पोरगी, पलीकडे कुणी भाजीवाली. तिघांचेही ओठ हलत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चाचा कुठल्या बाईसाठी म्हणत होते, ती पोरगी कुणासाठी, देव जाणे. मीही म्हणत होते. समुद्राकडे तोंड करून, म्हणजे कुणाला दिसायला नको.

मला वाटतं, त्या गाण्यांना घाई नसते. जे सांगायचं ते सांगायला ती पुरता वेळ घेतात. आम्हाला कुणी असा वेळ दिला नाही. माझ्या सासरी बाई चार शब्दांवर पाचवा बोलली की "पुरे" म्हणत. आणि रेडिओवरची ती बाई मात्र एकच गोष्ट, माझी आठवण ठेव एवढीच, सावकाश, वळून वळून, पुन्हा पुन्हा सांगायची, आणि तिला कुणी पुरे म्हणत नसे. थळला असताना मी मीठ आणायला म्हणून दुकानात जाई आणि दुकानातल्या रेडिओवरचं गाणं संपेपर्यंत सुटे पैसे मोजत उभी राही. हिंदी मी शाळेत शिकले नाही. जी काही येते ती त्या दुकानाच्या पायरीवर आली.

मी बुजरी आहे. आजही चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या गाण्यांमुळे मला वाटे की आपल्या आत बोलणारी कुणी आहे. हे लिहितानाही लाज वाटते. बोंबील टांगणाऱ्या बाईनं असलं काही लिहावं का?

लग्न होऊन इथं आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घरात रेडिओ होता. आमच्या ह्यांनी मुंबईहून आणलेला, चामड्याच्या पाकिटात घातलेला, कोनाड्यात ठेवलेला. सासूबाई तो फक्त वाऱ्यापावसाच्या बातम्यांना लावू देत. "सेल संपतान," म्हणत. त्या कुठे बाहेर गेल्या की मी हळू आवाजात लावी आणि कान टेकून ऐके. दुपारी लोकांच्या पसंतीची जुनी गाणी लागत. पत्र पाठवायचं, गाण्याचं नाव लिहायचं, आणि गाणं लावण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचून दाखवत. कुठकुठली गावं! ती ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, आपलं नाव तिथं आलं तर?

होडीच्या आडोशाला बसून, गुडघ्यावर ठेवून मी कार्ड लिहिलं. तीन ओळींना एक दुपार लागली. माझं नाव शेवंती, गावाचं नाव, आणि त्या गाण्याचं. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच. पेटीत कार्ड टाकलं आणि चोरी केल्यासारखी मागे न बघता घरी आले. मग महिना झाला, दोन झाले, नाव काही आलं नाही. अक्षरच लागलं नसेल, असं मी समजले.

आता त्या दिवसाचं लिहायचं आहे. आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहून मी तेच टाळत होते.

आमच्याकडे राखणीची रीत आहे. एखादी बाई बाजाराला गेली की मागे राहिलेली तिच्या वलांडीवर नजर ठेवते, कुत्री-कावळे हाकते. याचे पैसे नसतात. आज मी तुझी राखली, उद्या तू माझी. आणि आभाळ भरून आलं तर जी गावात नाही तिची मासळी आधी काढायची, आपली मागून. कारण आपली भिजली तर आपण पाहत असतो. तिची भिजते तेव्हा ती तिथं नसते. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडत कुणी नाही.

त्या दिवशी हिराकाकी अलिबागच्या बाजाराला गेली होती. सासूबाई तिच्याच सोबत. काकीला नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन गेलेली. तीन वलांड्या भरून बोंबील होते तिचे, तिसऱ्या दिवसाचे. ते विकून घराची कौलं बदलायची होती. जाताना ती म्हणाली, "शेवंते, नजर ठेव गो. माजं घर टांगलंय त्या दोरीवर."

आमचेही बोंबील त्याच दिवसाचे, शेजारच्याच वलांडीवर.

दुपारी आभाळ काळवंडलं. थंडीचे दिवस, पावसाचं कुणाच्या मनातही नव्हतं. मी घरात गेले ती पाणी प्यायला. गेलेच होते म्हणून रेडिओ लावला. आणि गाणी लावणारी बाई नावं वाचत होती, त्यात तिनं माझं नाव वाचलं. गावासकट. किती स्वच्छ वाचलं! माझं नाव इतकं नीट कुणी घेतलं नव्हतं. मग ते वाजणं सुरू झालं.

पत्र्यावर पहिले थेंब पडले ते मला ऐकू आले. ऐकू आले नाहीत असं म्हणता आलं असतं, पण ही वही खोटं लिहायला घेतलेली नाही. मी ऐकले, आणि म्हटलं, संपू दे, एवढं एकच. मी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर आले तेव्हा पावसानं जोर धरला होता. चार मिनिटं गेली असतील. तेव्हाही काकीचे निम्मे तरी वाचले असते. मी धावले ती आमच्या वलांडीकडे. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हात आपल्या दोरीकडे गेले. आमचे सगळे काढून, घरात नेऊन टाकून मी काकीच्या वलांडीकडे आले तोवर त्यांचं पाणी पाणी झालं होतं. नंतर दोन दिवस ऊन पडलं नाही. बोंबील लाल पडले, गळून खाली आले. शेवटी वाडीवाल्यानं नारळाला खत म्हणून नेले.

संध्याकाळी काकी आली. वलांडीखाली उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी विहिरीवर गेले होते. आले तोवर सगळं झालं होतं."

"नि तुमचे?"

"आमचे सकाळीच काढलेले. ते आदल्या दिवशीचे होते."

पलीकडची एक बाई मोठ्यानं हसली. "ह्या राणीचे सुके नि काकीचे ओले! पाऊस पण घरं वलखून पडाय लागला काय गो?"

काकी तिच्यावरच उसळली. "गप ऱ्हा! पोर खोटं बोलत नाय. पावसाचं काय तिच्या हातात हाय?"

त्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं, आमचे बोंबील कधी टांगले ते. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला जेवायला वाढताना एक तुकडा जास्त वाढला. तो तुकडा अजून घशात आहे.

पुढचा पावसाळा काकीनं प्लास्टिकखाली काढला. मी मदतीला म्हणून गेले तर घरात ठिकठिकाणी टोप मांडलेले, आणि ती मधल्या कोरड्या हातभर जागेत बसलेली. मला बघून म्हणाली, "ये गो, बघ, आता विहिरीवर जायची गरजच नाय मना." आणि हसली. ती सहज बोलली होती. मी टोपातलं पाणी बाहेर ओतत राहिले, मान वर केली नाही.

तेव्हापासून ते गाणं लागलं की मी तिथून उठते. पण ते कुठे लागत नाही? हळदीला लागतं, एसटीत लागतं, काशीदच्या रस्त्यावर मी सुकी मासळी घेऊन बसते तिथं समोरच्या हॉटेलात लागतं. पुण्याकडची माणसं ते गुणगुणत येतात आणि विचारतात, "मावशी, बोंबील कसे दिले?" दुसरं गाणं असतं तर लोक एव्हाना विसरले असते आणि मीही विसरले असते. हे जुनं होत नाही. दरवेळी तितकंच ताजं असतं, आणि त्याच्याबरोबर मीही तिथं, कोनाड्यापाशी, कान टेकून. लोकांना त्यात आपलं पहिलं प्रेम आठवतं म्हणे. मला पत्र्यावरचे थेंब ऐकू येतात.

इतकं सगळं होऊनही मला ते आवडतं. याचीच जास्त लाज वाटते.

तर यंदा सानिकानं ते लावलं, मी बंद कर म्हटलं, आणि शेजारच्या वलांडीपाशी पाटावर बसलेली हिराकाकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. तिचंच गानं हाय ते."

काकी आता ऐंशीच्या पुढची आहे. कमरेत वाकली, पण हात थांबत नाहीत.

"माझं कसं?" मी विचारलं.

"तुज्या नावानं लागलं व्हतं. अलिबागला, स्टँडासमोर. तुजी सासू मीठ आणाय गेलेली, मी चहावाल्याच्या दारात टोपली घेऊन बसलेली. त्याच्या रेडिओवर बाईनं तुजं नाव घेतलं, आपल्या गावाचं घेतलं. मी त्याला बोलले, ही आमची शेजारीण हाय. तर बोलतो कसा, मग मावशे, आज चहा फुकट! तुज्या नावाचा चहा प्यायलेय गो मी."

सानिका ओरडलीच. "आजी! तुझं नाव रेडिओवर? आम्हाला कधी सांगितलं नाहीस!"

"तिलाच कुठं ठाव हाय," काकी म्हणाली. "ती विहिरीवर व्हती. तोच दिवस, माजे बोंबील भिजले तो." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "मी तुला मुद्दाम नाय सांगितलं. जन्मात एकदा नाव आलं नि पोरीला ऐकाय नाय मिळालं. सांगितलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतंस."

प्लास्टिकखाली बसून तिनं माझी कीव केली होती. माझं गाणं हुकलं म्हणून.

माझ्या हातात बोंबलाची एक जोडी होती. ती दोरीवर टाकता येईना.

"काकी, मी विहिरीवर नव्हते."

"मग कुठं व्हतीस?"

"घरात. रेडिओपाशी. पाऊस लागलेला कळला होता मला. आणि आमचे काही सकाळी काढलेले नव्हते, तुझ्याच दिवसाचे होते. मी आमचे आधी काढले."

सानिकानं गाणं बंद केलं. काकीनं हातातली जोडी दोरीवर टाकली, शेपट्या सारख्या केल्या, मग दुसरी घेतली.

"ऐकलंस मग?"

"ऐकलं."

"पुरं?"

"पुरं."

"हं," ती म्हणाली. उठली, पाट उचलला आणि चार हात लांब नेऊन बसली. माझ्याकडे पाठ करून.

आठ दिवस ती बोलली नाही. त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली. मी गाण्याला उगाच दोष देत आले होते. गाणं चार मिनिटांचं होतं. त्यानंतर हात आपल्या दोरीकडे गेले ते माझे. विहिरीचं बोलले ते तोंड माझं. गाण्यानं काही केलं नव्हतं. त्यानं फक्त आपला वेळ घेतला, नेहमी घेतं तेवढाच.

नवव्या दिवशी सकाळी काकी काठी टेकत आमच्या दारात आली. माझा मुलगा, सून, सगळे घरात होते.

"तीन वलांड्या व्हत्या माज्या," ती म्हणाली. "आज काय भाव हाय?"

मी म्हटलं, "तेव्हाचे सोळाशे झाले असते, काकी. मी देते, वर आणखी..."

"तवाचे मी तवा मागितले असते. तू मागू दिले नायस. आता आजचे."

मुलगा मध्ये पडायला लागला. "काकी, एवढी जुनी गोष्ट..."

"तू गप. तुज्या आयशीला बोलतेय मी. ती बोलंल."

सगळे माझ्याकडे बघत होते. पण बोलले. तीन वलांड्यांचं सुकं वजन किती भरेल ते दोघींनी दारातच ठरवलं. तिनं दोन किलो वाढवून सांगितले, मी ओढून धरलं नाही, तर तीच म्हणाली, "अगो, भांड जरा! असं कोन देतं?" शेवटी बावीस हजारांवर आलो. एकदम नव्हते माझ्याकडे. आठवड्याला देईन म्हटलं. "मुलाचे नकोत," तिनं बजावलं. "तुजे."

मग दर शनिवारी-रविवारी मी काशीदच्या रस्त्यावर बसले. पूर्वी मी टोपलीमागे मान खाली घालून बसे, कुणी विचारलं तर भाव सांगे. यंदा हाका मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "घ्या, ताजे सुकवलेले, घ्या!" माझाच आवाज मला परका वाटे. समोर हॉटेलात गाणी चालू असत. ते गाणंही दोनदा लागलं. मी उठले नाही. गिऱ्हाईक समोर होतं. ऐकत ऐकत वजन केलं.

दर सोमवारी सकाळी पैसे घेऊन काकीकडे जाई. ती चहा विचारत नसे. मोजून घेई, डब्यात टाकी, आणि "बरं" म्हणे. मी उभीच असे. एकदा मी म्हटलं, "काकी, मला माफ कर." तर म्हणाली, "आधी पैसे दे." आणखी एकदा, दिवाळीच्या फराळासारखं काहीतरी सुनेनं केलं होतं ते नेलं, तर डबा तसाच परत दिला. "ह्याचा हिशेब नाय ठरलेला."

सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं की तो जास्तीचा तुकडा मला पचला नाही. त्या गेल्याला बरीच वर्षं झाली.

शिमगा आठवड्यावर आला होता तेव्हा मी शेवटचे पैसे नेले. ऊन चढलं होतं. काकी ओटीवर बसली होती. कौलं आहेत आता तिच्या घरावर, मुलीनं कधीच घालून दिली. तिनं डबा काढला, आधीचे सगळे पैसे मांडीवर ओतले आणि माझे त्यात मिसळून पहिल्यापासून मोजायला घेतले. बोटाला थुंकी लावून, सावकाश. मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी अंगणात उभी.

मोजून झाल्यावर तिनं एक नोट बाजूला काढली.

"बावीस हजार झाले," ती म्हणाली. "सगळे आले माजे. हे दहा रुपये जास्त हायत."

"राहू दे ना, काकी."

"कशाला? माजे नायत ते."

तिनं हात पुढे केला. मी ते दहा रुपये घेतले.